डलॉनेगा, जॉर्जिया : एवढंसं गाव जिल्ह्याचं ठिकाण कसं झालं?

प्राजक्ता_कमिंग

नमस्कार मंडळी. अटलांटाच्या आसपास राहणाऱ्यांना जास्त माहिती असेल, पण ज्याला कोणाला ठाऊक असेल त्यांनी जरूर लिहा.

आम्ही कमिंगला राहतो. सध्या आईबाबा आलेत साताऱ्याकडच्या कोरेगावहून. बाबा महसूल खात्यात होते, तलाठी म्हणून लागले आणि नायब तहसीलदार होऊन रिटायर झाले. गेल्या शनिवारी त्यांना डलॉनेगाला घेऊन गेलो, इथून चाळीस-पंचेचाळीस मिनिटं लागतात, हायवे ४०० संपतो तिथून जरा पुढे. मला वाटलं चौकात फिरू, आइस्क्रीम खाऊ, सोन्याची खाण बघू आणि परत येऊ. पण बाबा चौकाच्या मधोमध ती दोन मजली विटांची जुनी इमारत आहे ना, आता तिथे गोल्ड म्युझियम आहे, तिच्यासमोर थांबले ते थांबलेच. पूर्ण एक चक्कर मारली आणि म्हणाले, "प्राजू, ही कचेरी आहे." मी म्हटलं हो, जुनं कोर्ट आहे, १८३६ चं. मग विटेवर हात ठेवून उभे राहिले, कारण इथल्या मातीच्या विटा आहेत आणि त्यात सोन्याचे बारीक कण आहेत असं आतल्या माणसाने सांगितलं होतं.

आणि मग प्रश्न सुरू झाले, ज्यातल्या एकाचंही उत्तर मला देता आलं नाही. एवढ्याशा गावात (लोकसंख्या जेमतेम साडेसात हजार, आमचं कोरेगाव याहून मोठं) जिल्ह्याची कचेरी कशी? आजूबाजूला मोठी गावं नव्हती का? नावाचा अर्थ काय? मी फोनवर जुना नकाशा शोधून दाखवला, त्यात सगळा डोंगराळ भाग चौकोनी तुकड्यांत पाडलाय आणि प्रत्येक चौकोनाला नंबर. ते बघून बाबा एकदम गप्प झाले. गाडीत बसल्यावर म्हणाले, "मोजणी झालेली दिसते. पण मोजणीच्या आधी ही जमीन कसत कोण होतं, ते कुठे लिहिलंय?"

बाबा अजून तीन आठवडे आहेत, त्यांना नीट उत्तर द्यायचंय. नुसतं विकिपीडियाची लिंक नको प्लीज, ते मी वाचून दाखवलं, त्यांचं समाधान होत नाही.

उत्तरा_गेन्सव्हिल

प्राजक्ता, तुझ्या बाबांना माझा नमस्कार सांग, त्यांनी बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलंय. मी त्या भागात बरीच वर्षं आहे, डलॉनेगाच्या कॉलेजात काही काळ शिकवलंय, त्यामुळे चौकातून रोजचं जाणंयेणं होतं. मला जेवढं माहितीये तेवढं सांगते.

आधी काउंटीचं. आपण काउंटी म्हणजे जिल्हा म्हणतो पण आकाराने ती आपल्या तालुक्यापेक्षाही लहान असू शकते. जॉर्जियात तब्बल १५९ काउंट्या आहेत, याहून जास्त फक्त टेक्सासमध्ये आहेत. इथे असं सांगतात की शेतकऱ्याला खेचराच्या गाडीतून कचेरीत जाऊन काम उरकून अंधार पडायच्या आत घरी परत येता यावं म्हणून एवढे तुकडे पाडले. म्हणून गाव लहान असलं तरी कोर्ट, जमिनीचं दप्तर, लग्नाची नोंद, तुरुंग, शेरीफ सगळं तिथेच. आणि कोर्ट नेहमी चौकाच्या मध्यभागी, चारी बाजूंनी दुकानं. बाबांनी बघताक्षणी कचेरी ओळखली यात मला काही नवल वाटत नाही. डलॉनेगा ही लम्पकिन काउंटीची कचेरी, आणि काउंटीला नाव विल्सन लम्पकिन या गव्हर्नरचं. ते लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता डलॉनेगाच का. खरं तर पहिला मान तिच्या दक्षिणेला असलेल्या ऑरेरिया गावाचा होता. १८३२ मध्ये काउंटी झाली तेव्हा खाणकामगारांचं मोठं गाव तेच होतं आणि सुरुवातीचं कोर्ट तिथेच एका लाकडी केबिनमध्ये भरायचं. पण ज्या तुकड्यावर ऑरेरिया वसलं होतं त्याच्या मालकीचा वाद निघाला. आता वादातल्या जमिनीवर सरकारी कचेरी कोण बांधणार, बाबांना हे समजावून सांगायची गरजच नाही. मग १८३३ मध्ये काही मैल वर असलेला लॉट नंबर ९५० निवडला, तेव्हा त्या जागेला लिकलॉग म्हणायचे, म्हणजे ओंडक्याला खाचा पाडून त्यात गुरांसाठी मीठ ठेवायचे ती जागा. बाबांच्या भाषेत गट नंबर ९५०. त्या गटावर आज तो चौक आहे. कचेरी गेली तसे वकील गेले, दुकानदार गेले, आणि ऑरेरिया ओस पडलं, आज रस्त्याच्या कडेला एखाददुसरी मोडकळीला आलेली इमारत सोडली तर काही नाही. कचेरी हलली की गाव मरतं हे आपल्याकडेही आहेच.

आणि हे नंबर आले कुठून तर लॉटरीतून. खरोखरची लॉटरी. १८३२ मध्ये जॉर्जिया सरकारने हा सगळा मुलूख मोजून घेतला, शेतीचे १६० एकरांचे तुकडे आणि जिथे सोनं असेल असं वाटलं तिथे ४० एकरांचे तुकडे, आणि ड्रममधून चिठ्ठ्या काढून गोऱ्या नागरिकांना वाटले. बाबांनी बघितले ते चौकोन हेच.

खडकवेडा

उत्तराताईंनी कचेरीचं मस्त सांगितलं. मी भूगोलाचं बघतो, कारण माझ्या मते गाव तिथे का आहे याचं अर्धं उत्तर जमिनीखाली आहे.

ब्लू रिज डोंगरांच्या पायथ्याला नैऋत्येकडून ईशान्येकडे जाणारा एक चिंचोळा पट्टा आहे, डलॉनेगा बेल्ट म्हणतात त्याला. इथले खडक फार जुने, दाबाखाली आणि उष्णतेत पिळवटून निघालेले, आणि त्यांच्या फटींमधून गारेच्या म्हणजे क्वार्ट्झच्या शिरा गेल्यात. सोनं त्या शिरांमध्ये. आपल्या सह्याद्रीत लाव्हारसाचा काळा कातळ आहे त्यामुळे तसल्या सोन्याच्या शिरांचा प्रश्नच येत नाही, सोनं बघायचं तर खाली कर्नाटकात हट्टीला जावं लागतं, कोलारची खाण तर २००१ मध्येच बंद झाली.

पण डलॉनेगाची खरी गंमत ही की इथला खडक वरून खोलवर कुजलाय. लाखो वर्षं पाऊस आणि दमट हवा, त्यामुळे दिसायला खडक पण हातात घेतला की लाल मातीसारखा चुरा होतो, फावड्याने खणता येतो. त्यातून सुटलेलं सोनं ओढ्यांत वाहून येऊन वाळूत बसलेलं. म्हणजे सुरुवातीला ना सुरुंग लागला ना मोठं भांडवल, एक फावडं आणि एक पसरट थाळी बास. म्हणून तर १८२९-३० मध्ये हजारो माणसं एकदम तुटून पडली.

थाळीचं काम बाबांना जरूर करायला लावा, क्रिसनच्या खाणीवर करायला देतात. वाळू आणि पाणी घेऊन थाळी गोल गोल हलवायची, हलकी वाळू काठावरून सोडून द्यायची, परत पाणी, परत हलवायचं, आपल्या आया सुपात तांदूळ पाखडतात त्यासारखाच हात लागतो. शेवटी तळाला चमचाभर काळी रेती उरते, ती लोखंडाच्या खनिजाची, जड असते. थाळी जराशी तिरकी केली की काळी रेती पुढे सरकते आणि मागे दोन-तीन पिवळे ठिपके राहतात. ते ठिपके चमचम करत नाहीत हं, मंद पिवळे दिसतात, सावलीत धरले तरी तसेच. अभ्रक सावलीत विझतं. हा फरक कळला की माणूस तिथून उठत नाही.

आणि नद्या बघा. काउंटीतून दोन नद्या निघतात, एटोवा आणि चेस्टाटी, आणि ऑरेरिया बरोबर त्या दोघींच्या मधल्या डोंगराच्या धारेवर होतं. एटोवाचं पाणी पश्चिमेला रोम गावाकडे जाऊन पुढे अलाबामातून मोबाइल नावाच्या शहराजवळच्या खाडीत पोचतं. चेस्टाटी दक्षिणेला लेक लेनियरमध्ये येते. सातारकरांना महाबळेश्वरवरून एका बाजूला कृष्णा आणि दुसऱ्या बाजूला सावित्री हे लहानपणापासून माहिती, तसंच समजा. आणि प्राजक्ता, कमिंगच्या नळाला पाणी लेनियरचं येतं. म्हणजे जिच्या वाळूत ते लोक सोनं धुवत होते त्याच चेस्टाटीचं पाणी तुमच्या घरात आहे.

नंतर सोपं सोनं संपलं. मग मैलोगणती पाट खणून डोंगरावर पाणी चढवून आणलं आणि पाइपातून जोरात मारून अख्खे उतार धुवून काढले. आजही जंगलात मधेच लाल उभे कडे दिसतात ते निसर्गाने केलेले नाहीत. १८९८ मध्ये कन्सॉलिडेटेड नावाची कंपनी आली, १२० मुसळांची गिरणी उभी केली, म्हणजे लोखंडी मुसळं वरखाली होऊन दगड कुटतात ती, आणि १९०६ ला दिवाळं निघालं. जमिनीखाली सोनं आहेच अजून, पण इतकं विखुरलेलं की काढायचा खर्च परवडत नाही.

विनायक_जे

वरच्या दोन्ही पोस्ट आवडल्या, माझी नाण्यांची आवड आहे म्हणून टाकसाळीबद्दल लिहितो कारण त्याशिवाय डलॉनेगाची गोष्ट पूर्ण होत नाही.

आधी एक. म्युझियममध्ये किंवा गावात तुम्हाला बेंजामिन पार्क्सची गोष्ट ऐकायला मिळेल, १८२८ मध्ये हरणाच्या मागे जाताना पायाला दगड लागला आणि बघतो तर सोनं. ही गोष्ट त्याने स्वतः १८९४ मध्ये म्हातारपणी पेपरवाल्याला सांगितली, म्हणजे सहासष्ट वर्षांनी. त्या वेळचा कागद बघायचा तर १८२९ च्या ऑगस्टमध्ये मिलेजव्हिलच्या (राज्याची तेव्हाची राजधानी) पेपरात सोनं सापडल्याची बातमी आहे. बाबा दप्तर बघणारे आहेत म्हणून सांगतोय, त्यांना कोणता पुरावा कधीचा हे महत्त्वाचं वाटेल.

तर टाकसाळ. सोनं निघत होतं पण नाणं करायला फिलाडेल्फियाला पाठवायला लागायचं, डोंगरातून, चोरांची भीती. दुकानात लोक सोन्याची पूड तराजूत टाकून मीठमिरची घ्यायचे. म्हणून १८३५ मध्ये काँग्रेसने तीन नव्या टाकसाळींचा कायदा केला, न्यू ऑर्लिन्स, शार्लट आणि डलॉनेगा. विचार करा, न्यू ऑर्लिन्सच्या रांगेत हे डोंगरातलं खेडं! १८३८ ते १८६१ इथे फक्त सोन्याची नाणी पडली, जवळजवळ १५ लाख नाणी, आणि प्रत्येकावर छोटा डी, डलॉनेगाचा. १८६१ मध्ये यादवी सुरू झाल्यावर दक्षिणेकडच्या लोकांनी टाकसाळ ताब्यात घेतली आणि उरलेल्या सोन्यातून थोडी नाणी पाडली, त्यातला १८६१ चा एक डॉलर किती पाडला याची नोंदच नाही, म्हणून आज लोक त्याच्यासाठी जीव टाकतात. मी एकदा एका प्रदर्शनात काचेमागे बघितलाय, आपल्या करंगळीच्या नखापेक्षा थोडा मोठा, एका बाजूची अक्षरं अर्धवट उमटलेली. पाच मिनिटं हललो नाही तिथून.

युद्धानंतर सरकारने टाकसाळ परत उघडली नाही, इमारत कॉलेजला दिली. १८७३ मध्ये कॉलेज सुरू झालं, पहिल्यापासून मुलीही शिकायला होत्या. १८७८ च्या डिसेंबरमध्ये इमारत जळाली आणि त्याच पायावर आजचा प्राइस मेमोरियल हॉल उभा आहे, ज्याच्या शिखरावर सोन्याचा वर्ख आहे. तीच संस्था आता युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ जॉर्जिया. अटलांटाच्या कॅपिटॉलचा सोनेरी घुमट बघितला असेल ना, ते सोनंसुद्धा इथलं, १९५८ मध्ये गावकऱ्यांनी ४३ औंस गोळा करून खेचरांच्या गाड्यांतून मिरवत नेलं. आपल्या हिशोबात शंभर तोळ्यांच्या वर.

अजून एक धागा. कॅलिफोर्नियात सोनं सापडल्यावर १८४९ ला इथली माणसं निघून जायला लागली, तेव्हा टाकसाळीतल्या मॅथ्यू स्टीव्हन्सन यांनी कोर्टासमोर उभं राहून त्यांना समोरचा डोंगर दाखवून थांबवायचा प्रयत्न केला असं सांगतात. थांबलं कोणी नाही. पुढे १८५८ मध्ये इथलाच ग्रीन रसेल कोलोरॅडोत गेला, तिथे थोडं सोनं लागलं आणि त्याच्या लोकांनी जी वस्ती केली तिला नाव दिलं ऑरेरिया. ती वस्ती १८६० मध्ये शेजारच्या डेन्व्हरमध्ये मिसळली. आज डी म्हणजे डेन्व्हर, १९०६ पासून. नाण्यावरचं अक्षरसुद्धा गेलं तिकडे.

नीलांबरी

मंडळी खूप छान लिहिलंय सगळ्यांनी, पण बाबांचा मुख्य प्रश्न राहिलाच की. मोजणीच्या आधी कसत कोण होतं?

चेरोकी, म्हणजे इथले मूळ रहिवासी. आणि गावाचं नाव त्यांचंच आहे. चेरोकी भाषेत दलोनिगे म्हणजे पिवळं. सुरुवातीच्या कागदांत टलोनेगा असंही लिहिलंय. इथले लोक नाव घेताना लॉ वर जोर देतात.

आपल्याला वाटतं की जंगलात शिकार करून फिरणारी टोळी असेल. तसं नव्हतं. यांची शेतं होती, फळबागा होत्या, नदीवर नावा चालायच्या, पिठाच्या गिरण्या होत्या. सिक्वोया नावाच्या माणसाने १८२१ मध्ये त्यांच्या भाषेसाठी स्वतः लिपी तयार केली, शाळेत न जाता, आणि १८२८ पासून न्यू इकोटा या त्यांच्या राजधानीत चेरोकी आणि इंग्रजी दोन्ही भाषांत पेपर निघत होता. त्यांची राज्यघटना होती, कोर्ट होतं. म्हणजे लम्पकिन काउंटीची कचेरी बांधायच्या आधी या मुलखात कचेरी होती, ती दुसऱ्यांची होती एवढंच.

सोनं सापडलं आणि संपलं सगळं. १८३० मध्ये जॉर्जियाने जाहीर केलं की इथे आमचा कायदा चालणार आणि सोनं राज्याचं, चेरोकींनी स्वतःच्या जमिनीतलं सोनं काढलं तरी गुन्हा. त्याच वर्षी वॉशिंग्टनमध्ये अशा मूळ लोकांना पश्चिमेला हटवण्याचा कायदा झाला. १८३२ मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की जॉर्जियाचा कायदा चेरोकींच्या मुलखात चालत नाही. निकाल लागला त्याच वर्षी उत्तराताईंनी सांगितलेली ती लॉटरी काढली. तेव्हा गव्हर्नर हेच लम्पकिन. माणसं घरात राहत असताना त्यांच्या घराची चिठ्ठी ड्रममधून दुसऱ्याच्या नावाने निघत होती. त्यांचे मुख्य नेते जॉन रॉस १८३५ मध्ये वॉशिंग्टनहून घरी परत आले तर घरात दुसरंच कुटुंब, लॉटरीत लागलं म्हणून. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये न्यू इकोटाला थोड्याशा लोकांनी मुलूख सोडून देण्याच्या तहावर सह्या केल्या, रॉस आणि बहुसंख्य लोक विरोधात होते, तरी तो तह धरला गेला. १८३८ मध्ये सैन्याने घराघरातून माणसं काढून कुंपणात कोंडली आणि ओक्लाहोमाकडे चालवत नेली. साधारण १६,००० लोक, त्यातले ४,००० च्या आसपास मेले असा अंदाज धरतात. आणि विनायकदादा, टाकसाळीत पहिलं नाणं पडलं तेही १८३८.

प्राजक्ता, तुम्ही राहता ती फोरसाइथ काउंटीसुद्धा त्याच १८३२ च्या डिसेंबरात त्याच मुलखातून कापून काढलेली. कॉब, फ्लॉइड, गिल्मर, युनियन सगळ्या तेव्हाच्या. म्हणजे अटलांटाच्या उत्तरेला आपली अर्धी मराठी मंडळी ज्या घरांचे हप्ते भरतात ती बहुतेक घरं त्या लॉटरीच्या जमिनीवर आहेत. घर घेताना टायटल सर्च होतो ना, तो मागे मागे नेला तर शेवटी त्या चिठ्ठीपाशी येऊन थांबतो. त्याच्या मागे कागद नाही. मला हे कळलं तेव्हा मी दोन दिवस अस्वस्थ होते, आणि आमचं घर मला आवडतं, तरीही.

अजून एक, खाणीत राबणाऱ्यांत गुलाम माणसं पुष्कळ होती. ऑरेरियाजवळची एक मोठी खाण जॉन कॅल्हून यांची, ते देशाचे उपराष्ट्राध्यक्ष होते, त्यांच्या खाणीत त्यांचे गुलामच होते. आणि जेम्स बॉइसक्लेअर म्हणून एक स्वतंत्र कृष्णवर्णीय माणूस डलॉनेगात होता, फ्री जिम म्हणायचे. त्याला सोन्याची चांगली शीर सापडली पण कायद्याने त्याला स्वतःच्या नावावर जमीन घेता येईना, गोरा पालक लागायचा. तरी त्याने खाण चालवली, गावात मोठं दुकान काढलं, बर्फ साठवायची खोली केली. शेवटी तोही कॅलिफोर्नियाला गेला.

बाबांना न्यू इकोटाला घेऊन जा, कमिंगहून सव्वा-दीड तास. तिथे कोर्टाची आणि छापखान्याची इमारत परत बांधलीये, आणि वूस्टर नावाच्या ज्या मिशनऱ्याच्या खटल्यात तो सुप्रीम कोर्टाचा निकाल लागला त्याचं मूळ घर अजून उभं आहे.

प्राजक्ता_कमिंग

सगळ्यांचे मनापासून आभार, काय लिहू कळत नाहीये. काल जेवण झाल्यावर सगळा धागा बाबांना मोठ्याने वाचून दाखवला, आईपण बसली होती. लॉट नंबर ९५० ला ते म्हणाले, "बघ, वादातल्या जागेवर कचेरी नको, हे तिथल्या माणसालाही कळत होतं." लॉटरीचं आलं तेव्हा मला थांबवलं आणि परत वाचायला लावलं. मग विचारलं की चेरोकींच्या घरांची, झाडांची काही नोंद केली होती का, नुकसानभरपाई ठरवायला तरी कोणी गेलं असेल ना घरोघरी. धरणाच्या पुनर्वसनाचे पंचनामे त्यांनी स्वतः केलेत, आंब्याची झाडं मोजून लिहिलीत, त्यामुळे त्यांना ते लगेच सुचलं.

नीलांबरी

केली होती! बाबांनी अचूक ओळखलं. १८३६-३७ मध्ये माणसं पाठवली होती मूल्यांकनाला, प्रत्येक कुटुंबाचं घर किती फूट बाय किती फूट, मक्याची खोली, किती एकर लागवडीखालची जमीन, आणि झाडं, पीचची किती, सफरचंदाची किती, प्रत्येकाची किंमत लावून. त्या वह्या शिल्लक आहेत, छापूनही निघाल्यात.

प्राजक्ता_कमिंग

पीचची झाडं मोजलेली ऐकून बाबा उठून बाल्कनीत गेले. येत्या शनिवारी न्यू इकोटाला जातोय. त्या वह्या बघायच्या असतील तर कुठल्या लायब्ररीत विचारायचं, कोणी सांगू शकेल का? बाबांना इंग्रजी अक्षर जुनं असलं तरी लागतं, मोडीसुद्धा वाचतात ते.

उत्तरा_गेन्सव्हिल

अटलांटाजवळ मॉरोला जॉर्जिया राज्याचं दप्तरखानं आहे, तिथे लॉटरीचे कागद आणि चेरोकींच्या मूल्यांकनाबद्दल दोन्ही विचारा. जायच्या आधी फोन करून वेळ बघून घ्या, रोज उघडं नसतं. मी पण येईन म्हणते, मला बाबांच्या शेजारी बसून ते नकाशे बघायचेत.